घरगुती संगणकासाठी एसएमपीएसची निवड

सुटे भाग विकत आणून घरीच संगणक जुळविण्याची प्रथा भारतातील शहरांत आता चांगली रुळली आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठांत हातात यादी घेऊन हिंडणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक नेहमी दृष्टीस पडतात. यादीत प्रोसेसर सर्वांत वर असतो. त्याखाली मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि जमल्यास ग्राफिक्स कार्ड. बेरीज ठरविलेल्या रकमेच्या वर जाऊ लागली की काटछाट सुरू होते आणि ती बहुधा यादीच्या तळाशी असलेल्या एका वस्तूवर येऊन थांबते. ती वस्तू म्हणजे एसएमपीएस. हा पत्र्याचा डबा संगणकाचा वेग वाढवीत नाही की पडद्यावरील चित्र सुधारीत नाही. तेव्हा त्यावर पैसा खर्च करणे जिवावर येते हे स्वाभाविकच होय.

परंतु संगणकातील प्रत्येक भागास मिळणारी वीज या एकाच डब्यातून जाते. रॅमची पट्टी बिघडली तर बहुधा ती एकटीच बिघडते. एसएमपीएस बिघडताना मात्र मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि ज्यात वर्षभराचे काम साठविलेले आहे ती हार्ड डिस्क यांना बरोबर घेऊन जाऊ शकतो. तीस-पस्तीस हजारांच्या संगणकात दोन हजार रुपये वाचविण्यासाठी सर्वच पणास लावणे हा हिशेब कसा चुकतो, हे समजण्यास या डब्याच्या आत काय घडते ते प्रथम पाहिले पाहिजे.

डब्याच्या आत

भिंतीवरील सॉकेटमधून येणारी वीज 230 व्होल्ट दाबाची व प्रत्यावर्ती असते. म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत असते आणि असे पूर्ण फेरे सेकंदास 50 होतात. संगणकाच्या भागांना याउलट 12, 5 आणि 3.3 व्होल्ट अशा अल्प दाबाचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. जुन्या रेडिओत हे काम लोखंडी गाभ्याचे रोहित्र करीत असे. त्याच पद्धतीने आजच्या संगणकाला पुरेल इतकी वीज तयार करावयाची तर काही किलो वजनाचे रोहित्र कॅबिनेटमध्ये बसवावे लागेल.

एसएमपीएस, म्हणजे ‘स्विच्ड मोड पॉवर सप्लाय’, ही अडचण एका चतुर युक्तीने टाळतो. तो आलेल्या विजेचे प्रथम, दाब कमी न करताच, एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. 230 व्होल्ट ही त्या लाटेची परिणामी किंमत असून तिचा माथा 325 व्होल्टांपर्यंत पोचतो. तेव्हा आतील मोठ्या धारित्रावर तितका, किंवा काही रचनांत त्याहूनही अधिक, दाब साठतो. मग ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदास हजारो वेळा, सामान्यतः पन्नास हजार ते एक लक्ष वेळा, चालू-बंद करतात. रोहित्रातील प्रवाह जितक्या जलद बदलतो, तितके ते रोहित्र लहान करता येते. म्हणून येथे आगपेटीहून थोडे मोठे, फेराइटच्या गाभ्याचे रोहित्र पुरते. त्यातून निघालेला अल्प दाबाचा प्रवाह पुन्हा एकदिश करून, गुंडाळ्या व धारित्रे यांच्या साहाय्याने सपाट केला जातो. बाहेर पडणाऱ्या दाबावर एक मंडल सतत लक्ष ठेवून असते. दाब घसरला तर ते चालू काळ किंचित वाढविते, चढला तर कमी करते.

ॲपल दोन या 1977 सालच्या संगणकासाठी रॉड होल्ट यांनी याच तत्त्वावरील हलका पुरवठा तयार केला होता. 1981 मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीतील पुरवठा अवघा 63.5 वॅटचा होता. पुढे 1995 मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाची मापे व जोडण्या ठरवून दिल्या आणि म्हणूनच आज एका कारखान्याचा डबा दुसऱ्या कारखान्याच्या कॅबिनेटमध्ये बिनचूक बसतो. या इतिहासातील एक टप्पा ग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पूर्वी प्रोसेसरला लागणारी वीज मुख्यतः 5 व 3.3 व्होल्टांच्या तारांतून घेतली जात असे. 2000 च्या सुमारास, पेंटियम चारच्या काळात, ती 12 व्होल्टांच्या तारेतून घेण्याची पद्धत आली व मदरबोर्डवर त्यासाठी चार पिनांची वेगळी जोडणी दिसू लागली. तेव्हापासून प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खादाड 12 व्होल्टांवरच पोसले जातात.

लेबल वाचताना

दुकानात प्रथम नजरेस पडतो तो डब्यावरचा मोठा आकडा: 450 वॅट, 500 वॅट. हा आकडा स्वतः काहीच सिद्ध करीत नाही. खरी माहिती डब्याच्या बाजूस चिकटविलेल्या बारीक अक्षरांच्या कोष्टकात असते आणि ती पडताळून पाहण्यास शाळेतील गुणाकार पुरतो, कारण वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर.

समजा, एका स्वस्त डब्यावर 450 वॅट असे ठळक छापले आहे आणि कोष्टकात पुढील आकडे आहेत: 3.3 व्होल्टांवर 22 अँपिअर, 5 व्होल्टांवर 26 अँपिअर, 12 व्होल्टांवर 16 अँपिअर. शिवाय उणे 12 व्होल्टांवर अर्धा अँपिअर आणि संगणक झोपलेला असताना चालणाऱ्या 5 व्होल्टांवर 2 अँपिअर. गुणाकार केल्यास अनुक्रमे 72.6, 130, 192, 6 आणि 10 वॅट येतात. बेरीज 410.6. म्हणजे कारखानदाराचे स्वतःचेच आकडे त्याच्या ठळक अक्षरांना दुजोरा देत नाहीत! त्यातही सर्व तारा एकाच वेळी आपापली कमाल मर्यादा गाठू शकतील असे नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की, आजच्या संगणकाला जिथून वीज हवी त्या 12 व्होल्टांवर केवळ 192 वॅट उपलब्ध आहेत. अशा डब्याची रचना 2000 पूर्वीच्या गरजेस अनुरूप असते. नाव मात्र आजचे. चांगल्या 450 वॅटच्या डब्यावर 12 व्होल्टांपुढे 36 अँपिअरच्या जवळपास आकडा आढळेल, म्हणजे 432 वॅट. दोन्ही डबे काउंटरवर शेजारी ठेवले असता आकार तोच, रंगही बहुधा तोच. किमतीत तिप्पट-चौपट अंतर का, ते या एका ओळीत लिहिलेले असते.

दुकानदार कोष्टक दाखविण्यास कंटाळा करीत असेल, किंवा डब्यावर कोष्टकच नसेल, तर तो डबा न घेणे बरे. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांकही तेथेच शोधावा.

गरज किती

आता दुसरी बाजू. गरजेपेक्षा मोठा डबा घेण्याचा मोहही तितकाच सार्वत्रिक आहे आणि विक्रेतेही त्यास खतपाणी घालतात. सहा कोरांचा रायझन 5 5600जी हा प्रोसेसर, ज्यात चित्रनिर्मितीची सोय अंगभूतच आहे, घरगुती जुळणीत पुष्कळ वापरला गेला आहे. त्याच्यावर 65 वॅट असे लिहिलेले असते, परंतु भर कामात तो सॉकेटमधून 88 वॅटपर्यंत ओढू शकतो. मदरबोर्डवरील नियंत्रक मंडलात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती धरून 100 वॅट मानावे. मदरबोर्ड, रॅम व यूएसबीला जोडलेल्या वस्तू यांसाठी 35, एसएसडीसाठी 5, दोन पंख्यांसाठी 5. हार्ड डिस्क चालताना 7-8 वॅटच घेते, पण तिची तबकडी फिरू लागताना काही क्षण 20-25 वॅट लागतात. तेव्हा 25 धरावे. एकूण 170 वॅट. हे सर्व एकाच क्षणी घडणे विरळाच. लिहिणे-वाचणे, इंटरनेट आणि चित्रफिती यांसाठी असा संगणक बहुतेक वेळ पन्नास-साठ वॅटवर भागवितो.

ग्राफिक्स कार्ड आले की हिशेब बदलतो. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. जीटीएक्स 1650 ची कित्येक कार्डे तेवढ्यावरच चालतात व त्यांना वेगळी तार लागत नाही. आरएक्स 6600 सारख्या कार्डास 132 वॅट लागतात, म्हणून त्याला एसएमपीएसमधून थेट तार द्यावी लागते. सहा पिनांची जोडणी 75 आणि आठ पिनांची 150 वॅटसाठी असते. वरील बेरजेत हे कार्ड मिळविल्यास आकडा 300 च्या किंचित वर जातो. मात्र ग्राफिक्स कार्डे अतिशय थोड्या काळासाठी, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आपल्या नेमलेल्या शक्तीच्या कितीतरी अधिक ओढतात. एटीएक्सच्या 2022 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा उसळ्या सोसण्याच्या अटी मुद्दाम घालण्यात आल्या. ही उसळी सामावून घेण्यास तिसरा हिस्सा मोकळा ठेवणे उचित. म्हणजे कार्डाविना चालणाऱ्या संगणकास प्रामाणिक 300-350 वॅट विपुल होतात आणि मध्यम कार्डासह 450 वा 500. प्रामाणिक 450 वॅटचा डबा हा नावाच्या 650 वॅटपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. पुढेमागे मोठे कार्ड घेण्याचा निश्चित बेत असेल तर 550 पर्यंत जावे. त्यापलीकडील पैसा एसएसडीत घातलेला चांगला.

सोनेरी पट्टीचा हिशेब

खोक्यावर ‘80 प्लस’ अशी खूण व तिच्याजवळ कांस्य, सुवर्ण असे दर्जे लिहिलेले असतात. 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या योजनेत विजेचा किती भाग कामी येतो व किती वाया जातो, एवढेच मोजले जाते. साध्या खुणेस 20, 50 आणि 100 टक्के भारावर निदान 80 टक्के कार्यक्षमता लागते. 115 व्होल्टांवरील चाचणीत कांस्य दर्जास 82, 85 व 82 आणि सुवर्णास 87, 90 व 87.

ही खूण उपयुक्त आहे, पण ती किती पैसे वाचविते ते मांडून पाहावे. संगणकाचे भाग सरासरी 60 वॅट घेत आहेत असे धरले, तर 80 टक्के कार्यक्षमतेचा डबा भिंतीतून 75 वॅट घेईल आणि 90 टक्क्यांचा सुमारे 67. फरक 8 वॅटचा. रोज सहा तास याप्रमाणे वर्षाचे 300 दिवस संगणक चालला तरी फरक 15 युनिटांचा होतो. युनिटला 8 रुपये दर धरल्यास वर्षाला 120 रुपये. सुवर्ण दर्जासाठी हजार-दीड हजार अधिक मोजले तर ते वसूल होण्यास दहा वर्षे लागतील. काटकसरीच्या जुळणीत कांस्य दर्जा पुरे. ज्या कचेरीत वीस संगणक दिवसभर चालतात तिची गोष्ट वेगळी.

शिवाय ही खूण दाबाच्या शुद्धतेविषयी किंवा संरक्षणाविषयी काहीच सांगत नाही आणि तिची चाचणी सुमारे 23 अंश तपमानाच्या खोलीत होते. नागपूर किंवा दिल्लीच्या मे महिन्यात बंद कॅबिनेटमधील हवा याच्या दुपटीहून अधिक तापलेली असू शकते. विद्युत्-अपघटनी धारित्रांचे आयुष्य तपमानातील प्रत्येक 10 अंश वाढीने निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. म्हणूनच 105 अंशांसाठी बनविलेली धारित्रे वापरल्याचे जो कारखानदार सांगतो व पाच वर्षांची हमी देतो, त्याचा शब्द खुणेइतकाच वजनदार मानावा. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष धारित्रांची साथच आली होती. फुगलेल्या, माथे फुटलेल्या धारित्रांचे मदरबोर्ड आणि पुरवठा-संच तेव्हा जगभर दुरुस्तीला आले.

स्वस्त डब्यात काय वगळलेले असते?

12 व्होल्टांचा दाब 5 टक्क्यांहून अधिक हलू नये, म्हणजे 11.4 आणि 12.6 यांच्या दरम्यान राहावा, हे प्रमाण दीर्घकाळ मान्य आहे. त्यावर उमटणाऱ्या बारीक लहरीसही मर्यादा आहे: 12 व्होल्टांवर 120 सहस्रांश व्होल्ट, 5 व 3.3 वर 50. निकृष्ट डब्यात हे दोन्ही नियम भार वाढताच मोडतात. संगणक तत्काळ बंद पडत नाही. तो मधूनच आपोआप पुन्हा सुरू होतो, खेळ चालू असताना गोठतो, साठविलेली फाइल उघडत नाही. दोष रॅमला किंवा विंडोजला दिला जातो आणि आठवडेच्या आठवडे वाया जातात.

भिंतीकडून येणारा गोंगाट व दाबाचे झटके अडविण्यासाठी प्रवेशाशीच गुंडाळ्या, धारित्रे व व्हॅरिस्टर नावाचा झटका गिळणारा भाग असावा लागतो. अतिस्वस्त डब्यांत त्यासाठीच्या जागा रिकाम्या दिसतात आणि गुंडाळीच्या ठिकाणी साधी तार डाग देऊन जोडलेली असते. शॉर्ट सर्किट, जादा भार, जादा दाब व जादा उष्णता यांपासून रक्षण करणारी मंडलेही अशीच गळतात. हे पाहण्यासाठी घरी डबा उघडण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. प्लग काढल्यावरही आतील धारित्रावर तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात व ते प्राणघातक ठरतात. बाहेरून कळण्याजोगी एक खूण वजनाची: त्याच शक्तीचा डबा हातात अगदीच हलका लागला तर आत तांबे व ॲल्युमिनियम कमी आहे, असे समजण्यास हरकत नाही.

वीज क्षणभर गेली तरी चांगला एसएमपीएस आपल्या धारित्रातील साठ्यावर दाब टिकवून धरतो. एटीएक्सच्या मार्गदर्शिकेने पूर्ण भारावर ही मुदत बरीच वर्षे 16-17 सहस्रांश सेकंद ठेवली होती. आपल्याकडील विजेचा एक फेरा 20 सहस्रांश सेकंदांचा असतो, यावरून ती किती अल्प आहे ते कळेल; पण यूपीएसला बॅटरीवर येण्यास तेवढी बहुधा पुरते. घरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या मागील बाजूस ‘यूपीएस’ व ‘नॉर्मल’ असे लिहिलेले बटण पुष्कळदा असते. ते ‘नॉर्मल’वर असेल तर बदल सावकाश होतो आणि वीज जाताच संगणक पुन्हा सुरू होतो. त्यात एसएमपीएसचा अपराध नाही.

भिंतीतील तिसरी तार

एका तक्रारीचा उलगडा येथे आवश्यक आहे, कारण ती घरोघरी ऐकू येते: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या प्रवेशाशी दोन लहान धारित्रे असतात. एक फेजपासून पत्र्याकडे व दुसरे न्यूट्रलपासून पत्र्याकडे. उच्च कंप्रतेचा गोंगाट त्यांच्यावाटे जमिनीत जावा ही अपेक्षा असते. अर्थिंग नसेल तर पत्रा दोहोंच्या मधोमध लोंबकळतो आणि त्यावर 230 च्या निम्मा, सुमारे 115 व्होल्ट दाब दिसतो. प्रवाह अत्यल्प असतो, म्हणून धक्का न बसता केवळ झिणझिण्या येतात. डबा बदलून हा दोष जात नाही. सॉकेटमधील तिसरी, जाड पिनेची तार जमिनीशी खरोखर जोडलेली आहे की नाही, हे तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे लागते. आत काही बिघडून फेज थेट पत्र्याला टेकली, तर त्याच तारेमुळे फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. दोन पिनांचा अडॅप्टर लावून संगणक चालविणारे घर ही तार तोडून बसलेले असते.

काही जुन्या व स्वस्त डब्यांच्या मागे 115 आणि 230 असे लिहिलेले लाल बटण असते. आपल्याकडे ते 230 वरच हवे. चुकून 115 वर राहिले व वीज सुरू केली, तर मोठा आवाज होऊन डबा जळतो. चांगले आधुनिक संच शंभरपासून 240 व्होल्टांपर्यंत स्वतःच जुळवून घेतात, त्यामुळे दाब वारंवार उतरणाऱ्या गावांतही ते तग धरतात.

तारांविषयी थोडे. डब्यातून येणाऱ्या जोडण्या खरेदीपूर्वी मोजून घ्याव्यात: मदरबोर्डसाठी 24 पिनांची, प्रोसेसरसाठी चार किंवा आठ पिनांची, डिस्कसाठी साटाच्या, कार्डासाठी सहा वा आठ पिनांची. एखादी कमी पडल्यास रूपांतरक लावून वेळ मारून नेण्याची चाल आहे. त्यांपैकी चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून साटा काढणारे, ओतीव प्लॅस्टिकचे रूपांतरक आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आणि ज्या डब्यांच्या तारा काढता-घालता येतात, त्यांच्याबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. तारेचे संगणकाकडील टोक ठरलेल्या मापाचे असते; डब्याकडील टोकाची पिनरचना मात्र प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीने ठरवितो. जुना डबा काढून नवा बसविताना जुन्याच तारा कपाटातून काढून वापरल्या, तर त्या बेमालूम बसतात आणि 5 व्होल्टांच्या जागी 12 व्होल्ट हार्ड डिस्कमध्ये जातात. यासाठी डबा बदलला की त्याबरोबर आलेल्या ताराच वापराव्यात आणि जुन्या तारा जुन्या डब्यालाच बांधून ठेवाव्यात.